रेडियल प्रो डी२ : नऊ महिने वापरल्यानंतर
पांढरी एकमधला (त्या पट्टीला सा धरून गायलेला) अभंग, मंडपात शांतता, तानपुरा सुरू झालाय आणि स्पीकरमधून मंद 'घूंऽऽ'. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. घूंमध्ये ठळक ऐकू येते ती तिची दुप्पट, १००, आणि पांढरी एकचा खालचा पंचम ९८च्या आसपास. म्हणजे गाणाऱ्याच्या पंचमाला खेटून दुसरा, किंचित चढा पंचम सतत वाजत राहतो. ढोलकीच्या गाण्यात तो बुडून जातो, अभंगात नाही. गेल्या गणपतीच्या तोंडावर हा डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी, घेतला तो याच त्रासापायी.

दोन चॅनेलचा पॅसिव्ह बॉक्स आहे. बॅटरी नाही, अडॅप्टर नाही, आत दोन ट्रान्सफॉर्मर. कीबोर्डचे डावे-उजवे जॅक आत जातात, बाहेर दोन एक्सएलआर (माइकच्या वायरीला असतात तशा तीन पिनांच्या जोडण्या). साध्या जॅकच्या वायरीत सिग्नलची एकच तार आणि भोवती जाळी असते. ती मिक्सरपर्यंत २५-३० मीटर ओढली की वाटेतला सगळा गोंगाट गोळा करते. डीआयमधून तोच सिग्नल दोन तारांवर एकमेकींच्या उलट निघतो, मिक्सर दोघींमधला फरक तेवढा घेतो. वाटेत दोन्ही तारांवर सारखीच चढलेली घाण तिथेच मिटते.

खरी परीक्षा चैत्रातल्या एका जत्रेत झाली. स्टेजची लाइन वेगळी, मिक्सरची वेगळी, दोन्ही जनरेटरवर. लॅपटॉप यूएसबीने कीबोर्डला जोडलेला आणि त्याच्या चार्जरला तीन पिनी. दोन्हीकडची अर्थिंग ऑडिओच्या केबलमधून एकमेकींना जोडली गेली, आणि डीआय मध्ये असूनही साउंडचेकला घूं आलाच. बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि तो घूं तुटला. इतका तुटला, की साउंडवाले काका मैदानाच्या त्या टोकाहून ओरडले, "ताई, कीबोर्ड बंद केला का?" मी सा धरला तेव्हा त्यांना पटलं.

अशा वेळी बरेच जण चार्जरची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हात जोडून सांगते, असं करू नका. ओलं मैदान, लोखंडी स्टेज आणि माइक ओठांशी धरलेला गायक. तिथे अर्थिंग म्हणजे जीव आहे. ग्राउंड लिफ्ट फक्त ऑडिओच्या केबलमधली एक नंबरची पिन सोडवतं, विजेचं अर्थिंग जागच्या जागी राहतं.

दुसरा दिलासा फँटमचा, म्हणजे मिक्सर माइकच्याच वायरीतून पाठवतो त्या डीसी विजेचा. छोट्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं एकच बटण सगळ्या चॅनेलना असतं. कंडेन्सर माइकसाठी (त्याला ही वीज लागते) ते दाबलं, की पूर्वी माझ्या पोटात गोळा यायचा. ट्रान्सफॉर्मर तो डीसी पलीकडे जाऊ देत नाही, त्यामुळे कीबोर्ड सुरक्षित. १५ डीबीचा पॅडही (सिग्नल तेवढा कमी करणारं बटण) कामाचा. मिक्सरला आवाज फाटू नये म्हणून कीबोर्डचा वॉल्यूम पाव ठेवायचे, आता पाऊणवर बिनधास्त असतो.

घरच्या रेकॉर्डिंगला मात्र त्याची गरज रोज पडत नाही. दोन मीटरची वायर थेट इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या पेटीच्या) लाइन इनपुटला लावली तरी स्वच्छच येतं. उपयोग झाला तो मोबाइलवरच्या तानपुऱ्याला. चार्जर लावला की बारीक किणकिण यायची, ती बॉक्स मध्ये घातल्यावर गेली.

बांधणी जाड पोलादाची. वरचं कवच बटणांच्या पुढे आलेलं आहे, म्हणून वायरींच्या पेटीत आपटूनही एकही बटण हललेलं नाही.

मर्यादा एकच, पण घेण्याआधी समजून घ्या. पिएझो पिकअपचं (वाद्याची कंपनं टिपणारा सेन्सर लावलेलं) व्हायोलिन थेट यात लावू नका. पॅसिव्ह डीआयचा भार त्या पिकअपला झेपत नाही. आमच्या व्हायोलिनवाल्या दादांचा सूर एकदा लावून पाहिला, तर पातळ आणि कोरडा आला. त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा, डीआय बघतेय. तो मिक्सरच्या फँटमवर चालतो, म्हणून नवरात्रीच्या तारखा ठरवतानाच काकांना विचारून ठेवलंय, की व्हायोलिनच्या चॅनेलला ४८ व्होल्ट मिळतील ना.