मडगावचं जुन्या पुस्तकांचं दुकान आणि मेलानेशियाचा गठ्ठा

मडगावात जुन्या मार्केटच्या बाजूला एका गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. बोर्ड इतका छोटा आहे की मी पहिल्यांदा दोनदा पुढे निघून गेलो. दुपारी १ ते साडेतीन बंद, रविवारी पूर्ण बंद, हे आधीच सांगतो कारण म्हापशाहून बस बदलत जायचं आणि कुलूप बघून परत यायचं म्हणजे सगळा दिवस गेला.

मी मलेरियाच्या कामात फिल्डवर २६ वर्षं काढलीत. कुणाला ताप आला म्हटलं की घरी जाऊन तपासणीसाठी रक्ताची स्लाईड घ्यायची, बांधकामाच्या साईटवर मजुरांना गाठायचं, टाक्यांची झाकणं बघायची, विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे. आता रिटायर झालोय त्यामुळे वाचायला वेळ आहे. दुकानवाल्या बाबना विचारलं, डास-मलेरियावर काही जुनं आहे का, तर ते माळ्यावर चढून सुतळीने बांधलेला एक गठ्ठाच घेऊन खाली आले, कुठल्या तरी डॉक्टरच्या घरातून आलेला, सगळा मेलानेशियावरचा. पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, वानुआतू, फिजी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वरची आणि पूर्वेची बेटं. जुन्या जर्नलचे अंक, झेरॉक्स करून बाइंड केलेले लेख, दोन जाडे रिपोर्ट. मी विकत घेणार की नाही हेही न विचारता स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "बसून वाचात, घाय ना." मी दोन तास बसलो.

पहिलाच हाताला लागला तो वानुआतूच्या अनैत्यूम बेटाचा लेख. १९९१ साली तिथे ७१८ माणसं होती, त्या सगळ्यांना नऊ आठवडे दर आठवड्याला मलेरियाची औषधं दिली, औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या, पाण्यात अळ्या खाणारे मासे सोडले, आणि पुढे रक्त तपासायचं, नजर ठेवायची हे काम गावातल्याच लोकांनी सांभाळलं. मलेरियाच्या दोन जातींपैकी फाल्सिपेरम लवकर गेला, व्हायव्हॅक्स जायला १९९६ उजाडलं. मी ते वाचताना उठून उभाच राहिलो, कारण मासे सोडायचं आणि स्लाईड घ्यायचं आम्हीही केलंय पण आमच्याकडे मजूर आज इथे उद्या तिथे, अर्धी माणसं दुसऱ्या खेपेला सापडतच नाहीत. बेटावर निदान कोण आलं कोण गेलं ते कळतं. तरी नऊ आठवडे ताप नसलेल्या माणसालाही गोळी घ्यायला लावणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, नुसता वरून हुकूम काढून ते होत नाही.

दुसरा सगळ्यात चांगला भाग कुरू नावाच्या आजाराचा. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातले फोरे लोक, त्यांच्यात अंग थरथरायला लागायचं, तोल जायचा आणि साधारण वर्षभरात माणूस जायचं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. १९५७ मध्ये झिगास आणि गायडुसेक या डॉक्टरांनी त्यावर लिहिलं, आधी वाटलं आनुवंशिक असेल. मग ग्लास आणि लिंडेनबाम हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं तिथे जाऊन राहिलं आणि घरोघरी वंशावळी विचारत बसलं, कोण कधी गेलं, कुणाचं कोण लागत होतं. म्हाताऱ्यांना स्पष्ट आठवत होतं की हा आजार आपल्या डोळ्यांदेखत गावागावातून आला. नुसता आनुवंशिक आजार असा गावोगाव पसरत नाही. त्यांच्यात आपल्या मेलेल्या माणसाचं शरीर शोकविधीत खायची पद्धत होती आणि मेंदू बायका-मुलांच्या वाट्याला यायचा, त्यातूनच तो पसरत होता. पुढे चिंपांझींना तो आजार देऊन दाखवला आणि १९७६ ला गायडुसेकना नोबेल मिळालं. आपल्याकडे काही लोक हे ऐकून लगेच नरभक्षक म्हणून नाक मुरडतात त्याचा मला राग येतो, ती आपलं माणूस मातीत किड्यांना द्यायचं नाही अशी माया होती. आणि कोडं सुटायला त्यांच्याच म्हाताऱ्यांची आठवण लागली. देवळाच्या महाजनांची वंशावळ तोंडपाठ असलेली माणसं आपल्याकडे आहेत, म्हणून मला हे फार जवळचं वाटलं. ही नातीगोती लिहून घ्यायची शिस्तशीर रीत रिव्हर्स या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८९८ साली टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर बसवली, तोच माणूस नंतर आपल्या निलगिरीत तोडा आदिवासींकडेही आला होता.

पापुआ न्यू गिनीतल्याच पिगबेल या आजारावरही एक अंक आहे, डुकराच्या मोठ्या जेवणावळीनंतर मुलांची आतडी सडायची, कारण रोजच्या रताळ्यात असं द्रव्य असतं की जंतूचं विष पोटात मोडत नाही. १९८० पासून लस दिली आणि केसेस खूप कमी झाल्या. रताळ्यांच्या दिवसांत मी हे घरी सांगितलं तर बायको घाबरली, तिला समजवावं लागलं की आपण रोज फक्त रताळ्यांवर जगत नाही आणि तो जंतू पोटात गेल्याशिवाय काही होत नाही.

आता दुकानाचं. गठ्ठ्याचे ९०० सांगितले, ८०० ला दिला, जीपे चालतं. घरी येऊन बघितलं तर एका रिपोर्टमधला नकाशा फाडलेला होता, फोन केला तर बाब काही न बोलता म्हणाले १०० परत घ्या, पुढच्या वेळी दिलेही. ओल मात्र आहे, दोन अंकांना कसर लागलेली, मी उन्हात टाकून कडुलिंबाचा पाला ठेवला. पावसाळ्यात गेलात तर जाड प्लास्टिकची पिशवी न्या, त्यांच्याकडे पेपरचीच असते. कथा-कादंबऱ्या पाहिजे असतील तर निवड फार नाही, पण जुने सरकारी रिपोर्ट, वैद्यकीय अंक, शेतीची पुस्तकं यासाठी गोव्यात मला यापेक्षा बरं दुकान माहीत नाही. ५ पैकी ४.

सॉलोमन बेटांवरच्या मलेरियाचं काही आलं तर बाजूला ठेवा असं सांगून आलोय, बाबनी वहीत पेन्सिलीने माझं नाव आणि नंबर लिहून घेतलाय.