व्हीएलसी की एमपीव्ही? घरात दोन लिप्या वाचणारे असतील तर

सबटायटलसाठी व्हीएलसी आणि एमपीव्ही या संगणकावरच्या व्हिडिओ प्लेअरमधून एक निवडताना आमच्या बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या घरांत आधी एवढंच बघावं, की एकत्र बसणारे सगळे एकच लिपी वाचतात का. वाचत असतील तर व्हीएलसीला नाव ठेवायला जागा नाही. एसआरटीला, म्हणजे सबटायटलच्या फाइलला, सिनेमाचंच नाव दिलं की ती आपोआप लागते. ओळी मागेपुढे होत असतील तर जी आणि एच या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने सरकवता येतात. शेजारच्या काकूंना लावून द्यायचं झालं तर मी आजही व्हीएलसीच देतो.

आमच्या घरातली गोष्ट वेगळी. आईचं शिक्षण मराठी शाळेत झालं. बायको गोकाककडची, ती कन्नडच भराभर वाचते. मल्याळम सिनेमा लावला की कुणाची ओळ ठेवायची? व्हीएलसी ३ मध्ये एका वेळी एकच सबटायटल दिसतं. मध्यंतरापर्यंत मराठी आणि पुढे कन्नड, असंही करून झालं. पण ऐन रंगात आलेला सिनेमा एकीच्या हातून सुटायचाच, आणि मग ती उठून स्वयंपाकघरात जायची. मला हे फार लागायचं.

एमपीव्हीत दुसरं सबटायटल लावायची सोय आहे. मराठी खाली, कन्नड पडद्याच्या वरच्या कडेला. विंडोजमधला निर्मला यूआय हा फॉन्ट दिला की दोन्ही लिप्या त्यातच भागतात, मराठी जोडाक्षरं आणि कन्नडमधली ओत्तक्षरंही (अक्षराखाली लागणारी जोडरूपं) नीट उमटतात. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून डावा-उजवा बाण मारला की मागची किंवा पुढची ओळ थेट चालू संवादावर येऊन बसते. मला तरी हे जी-एचपेक्षा सोपं जातं.

सेटिंग मात्र साध्या मजकूर फाइलमध्ये लिहावं लागतं, आणि ज्यांना मेनूची सवय आहे त्यांना सुरुवातीला अवघड वाटेल. मराठी एसआरटी सहसा मिळत नाही, मी इंग्रजीवरून स्वतः करतो. ती यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) सेव्ह करा, नाहीतर कुठल्याही प्लेअरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.

दोन्ही प्लेअर फुकट आहेत, शेजारी शेजारी ठेवायला हरकत नाही. पण घरात मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारी माणसं असतील, तर एमपीव्हीच्या त्या फाइलसाठी एक संध्याकाळ जरूर काढा.