खोल समुद्रातील मासेमारीसाठी सेंटर कन्सोल: २३ फुटी की २६ फुटी?

किनाऱ्यापासून वीस-तीस सागरी मैल किंवा त्याहून दूर जाऊन गळाने मासेमारी करू इच्छिणाऱ्यांची निवड शेवटी बहुधा २३ ते २६ फुटांच्या सेंटर कन्सोल बोटींपाशी येऊन थांबते. सुकाणू मध्यभागी आणि भोवती मोकळा डेक, त्यामुळे गळाला लागलेला मोठा मासा बोटीला वळसा घालू लागला तरी रॉड हातात घेऊन त्याच्याबरोबर फिरता येते. ही सोय दोन्ही आकारांत सारखीच असते. उरतो तो तीन फुटांचा फरक, आणि तो कागदावर वाटतो तेवढा लहान नाही. सर्व प्रमाण तेच ठेवून लांबी १३ टक्क्यांनी वाढवली, तर बोटीचे घनफळ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. वजन, लागणारी अश्वशक्ती, इंधन आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची ताकद हे सारे त्यामागोमाग वाढत जाते.

बहुतेक खरेदीदार पहिला प्रश्न कमाल वेगाचा विचारतात. माझ्या मते तो शेवटी विचारला तरी चालेल. सकाळी समुद्र शांत असताना कोणतीही बरी बोट धावते. बोटीची परीक्षा दुपारी होते, जेव्हा वारा वाढलेला असतो, लाटा नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) येत असतात आणि माणसे दमलेली असतात. त्या वेळी महत्त्वाचा ठरतो तळाचा कोन, ज्याला डेडराइज म्हणतात. ट्रान्समपाशी, म्हणजे पिछाडीच्या उभ्या भिंतीपाशी, सुमारे २४ अंशांचा कोन असलेला खोल व्ही-आकाराचा तळ अमेरिकी बोट-आराखडाकार रे हंट यांच्या आराखड्यांमुळे प्रसिद्धीस आला. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत अशा तळाच्या ‘मॉपी’ या बोटीने खवळलेल्या समुद्रात मिळवलेल्या विजयानंतर त्याची योग्यता सर्वांना पटली. असा तळ लाट कापतो, आदळत नाही. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते: बोट पाण्यावर उचलली जाण्यासाठी जास्त शक्ती लागते आणि ती थांबून वाहत असताना आडव्या लाटेवर अधिक डोलते. १८ ते २० अंशांचा तळ कमी इंधनात चालतो आणि उभा असताना स्थिर राहतो, पण समोरून येणाऱ्या आखूड लाटांत गुडघे आणि कंबर यांची कसोटी पाहतो. दिवसाचा बराच वेळ बोट थांबवून समुद्रतळाशी गळ सोडणाऱ्याने या दुसऱ्या तळाचा विचार अवश्य करावा. दूर जाऊन ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासेमारी, करणाऱ्याने २४ अंशांच्या जवळपास राहावे.

वारा वाढल्यावर २३ फुटी बोटीला २५ नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १२-१३ नॉटवर यावे लागते, आणि बऱ्याच बोटी नेमक्या या वेगाला पाण्यावरून खाली बसतात. नाळ वर, पिछाडी खाली, समोरचे दिसत नाही आणि इंधन मात्र भरमसाट जाते. २६ फुटी बोट आपल्या लांबीमुळे आणि वजनामुळे त्याच समुद्रात बहुधा दोन-तीन नॉट अधिक वेग राखू शकते. लहान बोटीला ट्रिम टॅब (पिछाडीखालच्या, हलवता येणाऱ्या पट्ट्या) बसवून हे अंतर काहीसे कमी करता येते, पण पूर्णपणे नाही.

इंधनाचा हिशेब येथेच फसतो. समजा, टाकी ४५० लिटरची आहे आणि बोट २५ नॉटला तासाला ५५ लिटर पेट्रोल घेते. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि एक तृतीयांश राखीव या रूढ नियमाने १५० लिटरमध्ये सुमारे ६८ मैल गाठता येतात. तेथे चार तास ट्रोलिंग केले, तासाला ८ लिटर धरले, तर ३२ लिटर गेले. परतताना वाऱ्यासमोर १२ नॉटच मिळाले आणि इंजिन तासाला ४५ लिटर घेऊ लागले, तर साडेपाच तासांहून अधिक वेळ आणि सुमारे २५५ लिटर लागतील. बंदरात पोहोचताना टाकीत जेमतेम १३ लिटर! नियम पाळूनही ही स्थिती येते, म्हणून विक्रेत्याने सांगितलेल्या पल्ल्याला दोनाने भागून मगच नकाशा उघडावा. भरलेल्या ४५० लिटर पेट्रोलचे वजन सव्वातीनशे किलोंच्या पुढे जाते, हेही लक्षात ठेवावे. रिकाम्या टाकीवर घेतलेल्या वेगाच्या चाचणीचा प्रत्यक्षात फारसा उपयोग नाही.

एक इंजिन की दोन, हा वाद २३ फुटांपर्यंत एका इंजिनाच्या बाजूने सुटतो. यामाहाच्या ४.२ लिटर व्ही-६ मालिकेतील ३०० अश्वशक्तीच्या आउटबोर्डचे (पिछाडीबाहेर बसवायच्या इंजिनाचे) वजन साधारण अडीचशे किलो आहे. १५० अश्वशक्तीची दोन इंजिने मिळून सुमारे ४४० किलो होतात. लहान बोटीच्या पिछाडीवर हा जादा भार सरळ जाणवतो, आणि देखभालही दुप्पट होते. दोन इंजिनांची खरी बाजू म्हणजे एक बंद पडले तरी घरी येता येते, पण त्यातही खाचाखोचा आहेत. टाकी एकच असेल आणि पेट्रोलमध्ये पाणी गेले असेल, तर दोन्ही इंजिने पाठोपाठ थांबतात. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र फिल्टर आणि स्वतंत्र बॅटरी नसेल, तर दुसऱ्या इंजिनाने दिलेला धीर बराचसा पोकळ आहे. शिवाय एका इंजिनावर अशा बोटी पाण्यावर सहसा उचलल्याच जात नाहीत. सहा-सात नॉटने परतावे लागते. २६ फुटी बोटीत मात्र मी दोन इंजिनेच घेईन, कारण तिची रुंदी आणि पिछाडीची तरणशक्ती तो भार पेलते आणि ती जेथे जाते तेथून ओढून आणायला कोणी लवकर येत नाही.

तरण्याच्या बाबतीत, कायद्याच्या सक्तीमुळे कोणतीही बोट बुडणार नाही, असा एक गैरसमज आढळतो. अमेरिकी नियमांनुसार पाण्याने भरल्यावरही बोट समतल तरंगत राहण्याची सक्ती २० फुटांहून लहान बोटींनाच आहे. आपण चर्चा करत आहोत त्या दोन्ही बोटी त्या मर्यादेबाहेरच्या. म्हणजे येथे निर्मात्याने स्वतःहून काय केले आहे तेच पाहायचे. बॉस्टन व्हेलरने १९५८ पासून तळ आणि आतला भाग यांमध्ये फोम भरून बोटी बनवल्या, आणि १९६१ मध्ये आपली बोट करवतीने मधोमध कापूनही ती तरंगते हे दाखवले. प्रत्येक निर्माता असे करत नाही. बोट किती वारा-लाटांसाठी बनवली आहे हे सांगणारी युरोपीय पाटी असेल तर ती नीट वाचावी: ‘बी’ वर्ग बोफर्ट मापनातील वाऱ्याच्या ८ व्या श्रेणीपर्यंत आणि ४ मीटर लाटांपर्यंत, तर ‘सी’ वर्ग ६ व्या श्रेणीपर्यंत आणि २ मीटरपर्यंत. एकाच बोटीवर कमी माणसांसाठी ‘बी’ आणि जास्त माणसांसाठी ‘सी’ असेही लिहिलेले सापडते.

कॅटामरानचाही उल्लेख हवा. दोन तळांची २५ फुटी बोट थांबलेली असताना कमालीची स्थिर असते, पण तिला बहुधा दोन इंजिने लागतात, वळताना ती अनेकदा बाहेरच्या बाजूला झुकते आणि जादा भार टाकल्यास दोन तळांमधल्या पोकळीवर लाटा आपटू लागतात. ज्यांना डोलण्याचा त्रास होतो त्यांनी ती चालवून पाहावी. इतरांना ती आवडण्याची हमी मी देणार नाही.

जुनी बोट पाहताना प्लास्टिकची हातोडी घेऊन ट्रान्समवर, इंजिनाच्या बोल्टांभोवती हलके ठोकावे. खणखणीत आवाज बदलून मध्येच बद्द झाला, तर आतले लाकूड पाणी पिऊन कुजले असण्याची शक्यता असते. डेकखालील ॲल्युमिनियमची टाकी गंजली असेल, तर बदलताना बहुधा डेक कापावा लागतो, आणि हा खर्च कधीकधी मुळात मिळालेली सवलत गिळून टाकतो. काठ मांडीच्या मध्यापर्यंत येतो का, हे उभे राहून पाहावे. गुडघ्यापाशी येणारा काठ डोलत्या बोटीत माणसाला पाण्यात फेकतो. डेकवर दोन बादल्या पाणी ओतून ते पिछाडीच्या छिद्रांतून किती वेळात निघून जाते, तेही पाहावे.

दोन-तीन जणांनी, २५ मैलांच्या आत, हवामान पाहून जायचे असेल, तर २४ अंशांच्या तळाची, एका इंजिनाची २३ फुटी बोट पुरेशी आहे, आणि वाचलेला पैसा रेडिओ, लाइफ राफ्ट व इंधनावर लावावा. चार माणसे आणि ४० मैल नित्याचे असतील, तर २६ फुटांखाली येऊ नये. चाचणी मात्र दोन्हींची दुपारी घ्यावी: टाकी भरलेली, नेहमीची माणसे वर, वाऱ्यासमोर १३ नॉट. त्या वेगाला एक हात सुकाणूवर ठेवून दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली तोंडाला लावता आली, तर मग पैशांचे बोलणे सुरू करावे.