उभी-आडवी पानं एकत्र छापताना: थेट वर्डमधून, की पीडीएफ जोडून?

अहवालाचा मजकूर उभ्या पानांवर आणि मधूनमधून रुंद तक्ते आडव्या पानांवर, असा ऐवज छापायचा असला की दोन रस्ते समोर येतात. एक, वर्डमध्येच सेक्शन ब्रेक (फाइलचे वेगळ्या मांडणीचे भाग पाडणारी खूण) टाकून हवी ती पानं आडवी करायची आणि तिथूनच प्रिंट द्यायची. दुसरा, मजकूर आणि तक्ते वेगवेगळे ठेवायचे, दोन्हींच्या पीडीएफ काढून जोडायच्या आणि मग छापायचं. दोन्ही रस्ते मी भरपूर वापरलेत. हल्ली पाय आपसूक दुसऱ्याकडे वळतात, पण पहिला अगदीच टाकाऊ आहे असं म्हणणार नाही.

एका फाइलचे फायदे उघड आहेत. अनुक्रमणिका आपोआप जमते, पानांचे क्रमांक सलग राहतात, ऐनवेळी एक परिच्छेद वाढला तरी पुढचं सगळं आपापलं सरकतं. फक्त सेक्शन ब्रेकचा स्वभाव ओळखून असावं. वर्डमध्ये एखाद्या भागाची मांडणी त्या भागाच्या शेवटी येणाऱ्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो ब्रेक पुसला गेला की आधीचा भाग पुढच्या भागाची मांडणी घेतो. म्हणजे तक्त्याच्या आधीचा ब्रेक उडाला की चांगलं उभं प्रकरण आडवं होऊन पसरतं. चार जणांच्या हाताखालून जाणाऱ्या फाइलमध्ये हे हमखास होतं. लिबरऑफिस रायटरमध्ये पानांच्या शैली असतात, त्यात आडव्या पानाची शैली तयारच मिळते, त्यामुळे तिथे हा गोंधळ मला कमी जाणवला.

पण हे सगळं निभावता येतं. मला वैताग आणला तो पाठपोट छपाईने.

ट्रेमधला कागद काही आडवा होत नाही. तो नेहमीसारखाच आत जातो, आणि आडवं पान म्हणजे त्यावरचा मजकूर ९० अंशांत फिरवलेला, एवढंच. आता तो डावीकडे फिरवायचा की उजवीकडे, हे ठरवतो प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम. पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा) समजणाऱ्या प्रिंटरची माहिती देणाऱ्या पीपीडी फायलींत तर यासाठी स्वतंत्र नोंदच असते: अधिक ९० किंवा उणे ९०. म्हणजे तीच फाइल दोन प्रिंटरवर दोन तऱ्हेने निघू शकते. त्यात पाठपोट छापताना लाँग एज की शॉर्ट एज, म्हणजे पान लांब कडेवर उलटायचं की आखूड कडेवर, हा पर्याय सगळ्या कामाला मिळून एकदाच निवडायचा. उभ्या पानांना लाँग एज बरोबर बसतं. आडव्या पानांच्या बाबतीत लांब कड कुठली धरायची, याचा अर्थ ड्रायव्हर आपल्या परीने लावतो.

परिणाम बाइंडिंग झाल्यावर दिसतो. रिवाज असा की आडव्या तक्त्याचा माथा कागदाच्या डाव्या कडेला हवा, म्हणजे वाचणारा अहवाल एकदा उजवीकडे फिरवतो आणि सगळे तक्ते ओळीने वाचतो. माझ्या हातात आलेल्या प्रतीत पुढच्या बाजूचा तक्ता असा नीट होता, आणि पान उलटलं की मागच्या बाजूचा डोक्यावर उभा. बैठकीत दोन तक्त्यांची तुलना करायची तर प्रत स्टिअरिंगसारखी फिरवत बसायचं. पडद्यावरच्या प्रिव्ह्यूत यातलं काहीच दिसत नाही, तिथे सगळी पानं सरळच.

दुसऱ्या रस्त्यावर हा प्रश्न उरत नाही, कारण प्रिंटरला ठरवायला काही ठेवतच नाही. तक्त्यांची पीडीएफ काढली की त्यातली पानं मी स्वतः डावीकडे ९० अंश फिरवून ठेवतो. जोडलेल्या फाइलमधलं प्रत्येक पान मग २१० बाय २९७ मिलिमीटरचं, उभंच असतं. तक्ता फक्त त्यावर निजलेला असतो. लाँग एज निवडायचं आणि छापायचं. पानं फिरवायला आणि जोडायला क्यूपीडीएफसारखी फुकट साधनं पुरतात.

किंमत मोजावी लागते ती क्रमांकांची आणि अनुक्रमणिकेची. क्रमांकांचं सोपं आहे: दोन्ही फायलींत ते छापायचेच नाहीत, पानं फिरवून-जोडून झाल्यावर शेवटी एकदम टाकायचे. आधी टाकले तर तक्त्याच्या पानावरचा आकडा कागदाच्या उजव्या कडेला आडवा पडतो. (वर्डमध्येही तो नेमका तिथेच जातो; सरळ करायला हेडरमध्ये फिरवलेला टेक्स्ट बॉक्स बसवावा लागतो.) अनुक्रमणिकेसाठी मजकुराच्या फाइलमध्ये तक्त्यांच्या जागी तितकी कोरी पानं शीर्षकासह सोडतो आणि जोडताना ती बदलतो. तक्त्याचं एक पान वाढलं की कोरं पानही वाढवायची आठवण ठेवावी लागते, हे खरं. शिवाय ही फाइल पडद्यावर वाचायची तर मान वाकडी करावी लागते, म्हणून मेलने पाठवायला न फिरवलेली प्रत वेगळी ठेवतो.

मधला मार्गही आहे. तक्ते वर्डमध्येच असतील आणि सेक्शन ब्रेक जागेवर टिकत असतील, तर फाइल एकच ठेवा, तिची पीडीएफ काढा, आडवी पानं तेवढी फिरवा आणि ती छापा. निम्मी कटकट वाचते. माझे तक्ते स्प्रेडशीटमध्ये असतात आणि छपाईच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बदलत राहतात, म्हणून मला ते वेगळेच बरे वाटतात. आणि संबंध अहवालात एकच तक्ता असेल तर यातलं काहीच करू नका: तो स्प्रेडशीटमधून मेटाफाइल चित्र (ठिपक्यांऐवजी रेषा-अक्षरं म्हणून साठवलेलं) म्हणून उभ्या पानावर आणा आणि तिथेच फिरवा. स्क्रीनशॉट मात्र नको, बारीक आकडे फुटतात.

एकाच बाजूला छापणार असाल, किंवा प्रती बाइंड न होता नुसत्या स्टेपल होणार असतील, तर थेट वर्डमधून प्रिंट द्यायला माझी हरकत नाही. पाठपोट आणि बाइंडिंग दोन्ही असेल, तर मी पीडीएफच म्हणेन. छापताना ‘फिट’ऐवजी ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडा, नाहीतर सगळीच पानं थोडी आकसून येतात आणि बाइंडिंगसाठी मोजून सोडलेला समास बिघडतो.