एलटीस्पाइस: ट्रान्झिस्टरचं रीजन तपासायला कितपत कामाचं?

एलटीस्पाइस हा सर्किट संगणकावर चालवून बघायचा सिम्युलेटर फुकट आहे, नोड (सर्किटमधले जोडबिंदू) किती घ्यायचे यावर मर्यादा नाही, आणि २०१७ मध्ये तो बनवणारी लिनिअर टेक्नॉलॉजी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेल्यावरही या दोन्ही गोष्टी टिकल्या. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. इथे एकच काम तपासलंय: सर्किटमधला ट्रान्झिस्टर कोणत्या रीजनमध्ये, म्हणजे कामाच्या कोणत्या अवस्थेत आहे, कट-ऑफमध्ये (बंद) आहे, अ‍ॅक्टिव्हमध्ये, सॅच्युरेशनमध्ये की ट्रायोडमध्ये, हे त्यातून किती खात्रीने कळतं. लागणारे आकडे जवळजवळ सगळे मिळतात, पण निकाल मिळत नाही. तो आपणच लावायचा, आणि त्याची पद्धत माहीत नसेल तर हमखास चूक होते.

स्केमॅटिकवर (सर्किटच्या आकृतीवर) डॉट-ओपी ही डायरेक्टिव्ह, म्हणजे स्थिर अवस्थेतले व्होल्टेज आणि करंट काढायची सूचना, टाकून रन करा. समोर जी खिडकी उघडते तिच्यात फक्त नोड व्होल्टेज आणि करंट असतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. खरा ऐवज लॉगमध्ये आहे. कंट्रोल-एल दाबा, खाली या, सेमिकंडक्टर डिव्हाइस ऑपरेटिंग पॉइंट्स या मथळ्याखाली प्रत्येक ट्रान्झिस्टरचा रकाना दिसेल.

आधी बीजेटी, म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर असलेला बायपोलर ट्रान्झिस्टर. बीसी५४७बी घ्या, सप्लाय १२ व्होल्ट, कलेक्टरला १ किलोओहम, आणि सप्लायकडून बेसला १ मेगओहम. बेस करंट ११ मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो, कलेक्टर करंट तीन-साडेतीन मिलिअँपिअर, व्हीबीसी (बेस-कलेक्टर व्होल्टेज) चांगला उणे. म्हणजे अ‍ॅक्टिव्ह. आता बेस रेझिस्टर १०० किलोओहम करा. बेस करंट दहापट होतो, पण १ किलोओहममधून १२ मिलिअँपिअरच्या वर जायला जागाच नाही. व्हीसीई (कलेक्टर-एमिटर व्होल्टेज) ०.२ व्होल्टच्या खाली जातो, व्हीबीसी अधिक होतो, आणि बीटाडीसीचा (कलेक्टर करंट भागिले बेस करंट) आकडा शंभरच्या घरात घसरतो. व्हीबीसीचं चिन्ह आणि घसरलेला बीटाडीसी या दोन खुणा पुरेशा आहेत. मॉडेल बिघडलंय असं समजून दुसरं शोधत बसू नका.

मेगओहम लिहिताना नुसतं एम लिहिलं तर स्पाइस त्याला मिली समजतो, मग ते कॅपिटल असो वा स्मॉल. एक मिलिओहमच्या बेस रेझिस्टरने लॉगमध्ये भलतेच करंट दिसतात. पूर्ण मेग लिहा.

मॉसफेटकडे, म्हणजे गेटच्या व्होल्टेजने चालणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे जाताना नावांचा घोळ आधी सोडवावा लागतो. बीजेटीचं सॅच्युरेशन म्हणजे पूर्ण चालू झालेला स्विच. मॉसफेटचं सॅच्युरेशन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला हवी ती जागा, बीजेटीच्या अ‍ॅक्टिव्हशी जुळणारी. बीजेटीच्या सॅच्युरेशनला मॉसफेटमध्ये ट्रायोड म्हणतात.

लेव्हल १ चं, म्हणजे सर्वात साधं एनमॉस मॉडेल घ्या: व्हीटीओ (चालू व्हायला लागणारं गेट व्होल्टेज) ०.७, केपी (करंटचा गुणांक) १०० मायक्रो, लॅम्डा (व्हीडीएसने करंट किती वाढतो त्याचा गुणांक) ०.०२, रुंदी १० मायक्रॉन, लांबी १ मायक्रॉन. गेटला १.२ व्होल्ट, सोर्स आणि बॉडी ग्राउंडला, सप्लाय ३.३ व्होल्ट, ड्रेनला १० किलोओहम. लॉगमध्ये करंट सुमारे १३० मायक्रोअँपिअर, व्हीडीएस (ड्रेन-सोर्स व्होल्टेज) २ व्होल्ट, व्हीडीसॅट (सॅच्युरेशनसाठी लागणारा किमान व्हीडीएस) ०.५. व्हीडीएस मोठा, म्हणजे सॅच्युरेशन. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) साधारण ५.

गेन वाढवायला कुणीही ड्रेन रेझिस्टर २७ किलोओहम करेल आणि १३-१४ ची अपेक्षा धरेल. मिळतो जेमतेम दीड. करंट बघून काही संशय येत नाही, तो १३० वरून ११० वर आलेला असतो, बस. पण व्हीडीएस ०.३२ वर आणि व्हीडीसॅट तिथेच ०.५ वर. ट्रान्झिस्टर ट्रायोडमध्ये घसरलाय. जीडीएस (ड्रेन-सोर्समधली कंडक्टन्स) बघा: अडीच मायक्रोसीमेन्सच्या आसपास होता, तो १८० झालाय. सत्तरपट! गेन इथेच गळतो. म्हणून करंटवरून रीजन ठरवू नका. व्हीडीएस आणि व्हीडीसॅट शेजारी ठेवूनच ठरवा. फरक जेमतेम २० मिलिव्होल्ट असेल तर समाधान मानू नये, तापमान बदललं की तो संपतो. निदान १०० मिलिव्होल्ट हाताशी असावेत. पीमॉसला हीच तुलना चिन्ह काढून करायची.

हा फरक स्केमॅटिकवरच दिसावा अशी एक सुंदर सोय आहे. रन झाल्यावर राइट-क्लिक करून ओपी डेटा लेबल ठेवता येतं आणि त्यात हवं ते सूत्र लिहिता येतं. ड्रेन व्होल्टेज उणे गेट व्होल्टेज अधिक ०.७ असं लिहिलं की सोर्स ग्राउंडला असताना मार्जिन थेट दिसतं. आकडा उणे झाला की ट्रायोड.

उणिवाही आहेत. मॉडेल न देता नुसतं एनमॉसचं चिन्ह ठेवलं तर डीफॉल्ट व्हीटीओ शून्य असतो आणि बंद असायला हवा तो ट्रान्झिस्टर चालू दिसतो. २एन७००२ सारख्या पॉवर मॉसफेटना व्हीडीमॉस मॉडेल असतं. त्यांच्या रकान्यात व्हीडीसॅट नसतो, म्हणून व्हीजीएसमधून (गेट-सोर्स व्होल्टेज) व्हीटीएच (थ्रेशोल्ड व्होल्टेज) वजा करून काम भागवावं लागतं. लेव्हल १ मध्ये सबथ्रेशोल्ड करंट (थ्रेशोल्डच्या खालीही वाहणारा बारीक करंट) नाहीच, त्यामुळे नॅनोअँपिअरच्या सर्किटला ते मॉडेल वापरू नका, बीएसआयएम हे जास्त तपशिलाचं मॉडेल घ्या.

चाळीस ट्रान्झिस्टरच्या ऑपअँपला मात्र लॉग वाचणं जिवावर येतं. तिथे कॅडेन्स कंपनीचं स्पेक्टर हे सिम्युलेटर उजवं: मॉसफेटच्या ऑपरेटिंग पॉइंटमध्ये रीजन नावाचाच आकडा मिळतो, ० कट-ऑफ, १ ट्रायोड, २ सॅच्युरेशन, ३ सबथ्रेशोल्ड, ४ ब्रेकडाउन. पण ते महागडं, कंपनीत किंवा मोठ्या कॉलेजातच मिळतं. फुकटात हवं तर एनजीस्पाइस हा मुक्त सिम्युलेटर. त्यात शो कमांडला ट्रान्झिस्टरचं नाव दिलं की सगळे आकडे येतात, आणि स्क्रिप्ट लिहून व्हीडीएस-व्हीडीसॅटची तुलना चाळीसही ट्रान्झिस्टरवर एकदम चालवता येते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आतून एनजीस्पाइसच वापरतं, त्यामुळे तिथे शिकलेली स्क्रिप्ट वाया जात नाही.

शेवटची तपासणी सेल्फ-बायस्ड करंट रेफरन्ससाठी, म्हणजे स्वतःच्याच करंटवर स्वतःचा बायस ठरवणाऱ्या सर्किटसाठी. अशा सर्किटला दोन स्थिर अवस्था असतात, आणि त्यातली एक शून्य करंटची. डॉट-ओपी तिथे जाऊन बसला तर लॉगमध्ये सगळे ट्रान्झिस्टर कट-ऑफ दिसतात आणि एररही येत नाही. नोडसेट (सुरुवातीचा अंदाज देणारी डायरेक्टिव्ह) देऊन गेटच्या नोडला अपेक्षित व्होल्टेज सुचवा आणि पुन्हा चालवा. दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं, तर सर्किटला स्टार्टअपची शाखा हवी आहे. ती घातल्यावर नोडसेट काढा आणि सप्लाय शून्यातून चढवत ट्रान्झिएंट (वेळेनुसार बदल दाखवणारं) सिम्युलेशन चालवून बघा.