साताऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर: इनडोअर ट्रेनरचे नऊ महिने

"घरातून निघालं की दहा मिनिटांत यवतेश्वरचा घाट लागतो, मग घरात सायकल चालवायला यंत्र कशाला?" ट्रेनरचं खोकं घरात आलं तेव्हा आबांनी हे विचारलं होतं. कोरड्या दिवसांसाठी त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. कास इथून पंचवीसेक किलोमीटर, असा रस्ता दाराशी असताना भिंतीकडे तोंड करून पेडल मारावंसं वाटत नाही. पण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्याच घाटात दहा फुटांवरचं दिसत नाही, कडेला शेवाळ धरतं आणि रविवारी कासला निघालेल्या गाड्यांची रांग असते. दोन वर्षांपूर्वी उतरताना ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये राहिलं. तेव्हाच ठरवलं, पावसाळ्यातला सराव घरात.

रोलर्स गोडोलीतल्या एका मित्राकडे चालवून पाहिले. तीन दंडगोल आणि वर मोकळी सायकल. तोल आणि पेडलिंगची सफाई यावर शिकावी तितकी कुठेच शिकता येणार नाही. पण चढाची ताकद कमवायची तर साध्या रोलर्सवर पुरेसा विरोध मिळत नाही.

मग एक पावसाळा जुना फ्लुइड ट्रेनर वापरला. यात मागचं चाक एका रोलरवर दाबून बसतं, आत सिलिकॉनच्या द्रवात पंखा फिरतो आणि वेग वाढेल तसा विरोध आपोआप वाढतो. वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्रास टायरचा. हवा रोज तपासावी लागते, कारण दाब बदलला की कालचा आणि आजचा सराव जुळत नाही. जोर लावला की चाक घसरतं, फरशीवर काळी पूड पडते. चालवायचाच असेल तर ट्रेनरसाठी मिळणारा वेगळा टायर घ्या. गुठळ्यांचा माउंटन बाइकचा टायर तर त्यावर लावूच नका, आवाजाने घर डोक्यावर येतं.

गेल्या जूनमध्ये डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर घेतला, म्हणजे अ‍ॅपशी जोडला जाणारा आणि विरोध स्वतः बदलणारा. मागचं चाक काढायचं आणि चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर चढवायची. टायरचा प्रश्नच उरत नाही. पण इथे एक गोष्ट घेण्याआधी पाहाच. आपल्याकडच्या पुष्कळ हायब्रिड सायकलींना ७ गिअरचं फ्रीव्हील असतं, तो चकत्यांचा संच चाकाच्या हबवर आट्यांनी बसतो. ट्रेनरला लागते कॅसेट. ८ किंवा ९ गिअरची कॅसेट ११ गिअरच्या फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर सरकवून बसवतात तो भाग) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर लागतो. ७ गिअरवाल्यांनी आधी जाणत्या मेकॅनिकला विचारावं. सायकलचं मागचं चाक क्विक रिलीजने बसतं की थ्रू अ‍ॅक्सलने, म्हणजे झटपट सुटणाऱ्या खटक्याने की आरपार जाड दांड्याने, तेही बघा. आमच्या ग्रुपमधल्या एकाला हे सगळं खोकं उघडल्यावर कळलं.

ईआरजी मोडबद्दल, म्हणजे ठरवलेली ताकद यंत्रानेच कायम राखण्याच्या सोयीबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण पहिले दोन आठवडे मी तिथेच अडत होतो. तुम्ही १८० वॅट ठरवले की पाय हळू फिरवा वा भरभर, यंत्र विरोध कमीजास्त करून १८० च देतं. थकून पाय मंदावले की विरोध आणखी वाढतो, पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल जागेवर थांबतं. उपाय एकच: अवघड टप्पा सुरू व्हायच्या आधीच पायांचा वेग मिनिटाला नव्वद फेऱ्यांच्या पुढे न्या. घाटातल्या सवयीने साठच्या वेगाने जड पेडल दाबत राहिलात तर जमणार नाही.

आवाज यंत्राचा कमी, थरथर जास्त. तिसऱ्याच दिवशी खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "बाळा, पहाटे तुमच्याकडे गिरण लावता का रे?" व्यायामाची पातळ चटई घालून फरक पडला नाही. शेवटी गोठ्यात गाईंखाली घालतात ती जाड रबरी मॅट आणली आणि वेळ पहाटे पाचऐवजी साडेसहा केली. आता काकूंची तक्रार नाही. ही मॅट पशुपालनाच्या सामानाच्या दुकानात मिळते.

पंख्याचे पैसे यंत्राच्या पैशातच धरा. रस्त्यावर वारा लागतो, खोलीत लागत नाही. १७० वॅटवर पंख्याशिवाय माझे ठोके १६५ पर्यंत जात, मोठा स्टँडचा पंखा समोर लावल्यावर १५२ ला थांबले. घाम हँडलवर, स्टेमच्या बोल्टवर ठिबकतो आणि दोन महिन्यांत गंज धरतो. टॉवेल टाका, नंतर ओल्या फडक्याने पुसा. घरात सायकल डोलत नाही, उतार येत नाही, त्यामुळे बूड एकाच जागी दुखतं. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून चालवा.

जुलैत वीज सारखी जायची आणि वीज गेली की माझ्या यंत्राचा विरोधच जातो. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा, खेच कमी, म्हणून तो आणि वायफाय इन्व्हर्टरवर घेतले. अ‍ॅपसाठी झ्विफ्टला दरमहा पैसे पडतात, मायवूश फुकट आहे. मी फुकटावरच आहे.

साधारण तासभर टिकवता येईल अशी ताकद म्हणजे एफटीपी. वीस मिनिटं पूर्ण ताकदीने चालवून सरासरीच्या ९५ टक्के धरतात, तो माझा एफटीपी जूनमध्ये १९५ वॅट होता, ऑक्टोबरमध्ये २१३. पावसानंतर पहिल्यांदा यवतेश्वर चढलो तेव्हा वरच्या वळणावर श्वास ताब्यात होता, हे माझ्यासाठी त्या आकड्यापेक्षा मोठं. उतरण्याचं कसब मात्र घरात रत्तीभरही वाढत नाही. उतारावर अजून माझे हात आखडतात.

डिसेंबरात आतून खडखड यायला लागली. विक्रेत्याने यंत्र स्वखर्चाने परत पाठवायला सांगितलं. अठरा किलोचं धूड, आणि मूळ खोकं मी भंगारवाल्याला दिलेलं. सुताराकडून लाकडी पेटी करून घ्यावी लागली, यंत्र तीन आठवड्यांनी दुरुस्त होऊन आलं. वॉरंटी संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा. ती लाकडी पेटी मी आता जपून ठेवली आहे.