खोल नाण्यासाठी कॉइल झपझप फिरवावी की सावकाश?

मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं मशीन, हातात आलं की पहिल्या महिन्यातच हे ठरवावं लागतं: कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, झपझप फिरवत रान उरकायचं, की पट्टा पट्टा धरून सावकाश जायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. पहिले दोन हंगाम झपझप, नंतरचे तीन सावकाश, आणि तेही एकाच रानात. जागा घरचीच: दक्षिण सोलापुरातलं काळं रान, त्यात आजोबांच्या काळातलं खळं आणि बुजत आलेली मोटेची विहीर. खळ्यावर सुगीत साऱ्या गावाचा राबता असायचा आणि मोटेच्या धावेवर माणसं तासन्‌तास असायची. नाणी पडलेली असणार ती अशाच जागी.

आधी झपझपीच्या बाजूचं सांगतो, कारण त्या पद्धतीवर मला अन्याय करायचा नाही. वरच्या तीन-चार बोटांतल्या वस्तूला वेगाने काही फरक पडत नाही. जवारीच्या काढणीत चुलतीचं चांदीचं जोडवं रानात पडलं, तेव्हा मी कॉइल वेगाने फिरवत, लांब पावलं टाकत निघालो आणि अंधार पडायच्या आत ते हातात आलं. सावकाश गेलो असतो तर त्या एका संध्याकाळी एवढं रान झालंच नसतं. हरवलेली ताजी वस्तू, तळ्याकाठची वरवरची चिल्लर, किंवा नव्या रानात कुठे लोखंड जास्त आहे याचा अंदाज, एवढ्यासाठी मी आजही वेगच वापरतो.

खोल नाण्याचं मात्र वेगळं आहे. खोली दुप्पट झाली की सिग्नल निम्मा होत नाही, तो कितीतरी पटींनी घटतो. त्यात आपली माती बेसाल्टची. खडकातले लोहाचे कण मातीत उतरलेले असतात आणि कॉइलला जमीनच सतत काहीतरी सांगत असते. मशीन या दोन आवाजांतला फरक ओळखतं तो बदलाच्या वेगावरून: जमिनीचा सिग्नल हळूहळू बदलतो, नाण्याचा चटकन. आपण कॉइल झपझप फिरवली की ढेकळं, भेगा आणि चढउतारही चटकन बदलू लागतात आणि नाण्याच्या आवाजात मिसळतात. शिवाय जोरात फिरवताना दोन्ही टोकांना कॉइल नकळत वर उचलली जाते. मातीपासून चार बोटं वर गेलेली कॉइल म्हणजे तेवढी खोली गेलीच, आणि जमिनीचा खोटा टोन, म्हणजे मशीनचा आवाज, आला तो वेगळाच.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती म्हणजे परत न येणारा टोन. झपझप फिरवताना मध्येच एकदा बारीक ‘टुंग’ यायचा, उंच आणि स्वच्छ. थांबून तिथेच कॉइल फिरवली की काही नाही. आडवी फिरवली, काही नाही. अर्धं पाऊल मागे घेतलं तर एकदा करकर, मग शांतता. तो टोन नेमका कुठे आला होता हे तोवर डोक्यातून निसटलेलं असायचं. मग खणायचं की सोडायचं? फेब्रुवारी-मार्चमधलं आपलं काळं रान ज्यांनी खणलंय त्यांना यातला त्रास सांगायला नको. खुरपं आपटलं की विटेवर आपटल्यासारखा आवाज येतो, एका खड्ड्याला अर्धा तास जातो आणि खाली निघतो बैलाच्या नालाचा खिळा. सोडून पुढे गेलं तर दिवसभर मनाला रुखरुख. त्या दोन हंगामांत खणलेल्या खड्ड्यांपेक्षा असे सोडलेले टोन मला जास्त आठवतात.

तिसऱ्या वर्षी बांधाजवळ एक पाव आणा आठ बोटं खाली पुरला, माती दाबली आणि दोन पावसाळे तसाच राहू दिला. मग वाफशावर जाऊन दोन्ही तऱ्हांनी फिरवून पाहिलं. वेगात दहा फेऱ्यांत तीनदा काहीतरी वाजलं, तेही तुटक, आणि मशीनच्या पडद्यावरचा आकडा दरवेळी वेगळा. साधारण दीड मीटरचा फेरा दोन-अडीच सेकंदांत घेतला तेव्हा जाताना-येताना दोन्ही वेळा टोन आला, मंद पण गोल, एकाच जागी. हा काही प्रयोगशाळेतला निष्कर्ष नव्हे. मशीन वेगळं, माती वेगळी, तर तुमचा अनुभवही थोडा वेगळा येऊ शकतो. पण ‘परत येणारा’ टोन म्हणजे काय, हे मला त्या बांधावर कळलं.

सावकाश म्हणजे रेंगाळत, असंही नाही. कॉइल फारच हळू सरकवली की खोल नाण्याचा उतरता-चढता सिग्नल मशीनला जमिनीसारखाच वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. जुन्या पद्धतीची काही मशीनं तर मुळात वेगातच बोलायची, त्यामुळे जुनं मशीन हाताळलेला माणूस ‘जोरात फिरव’ म्हणाला तर तो चुकीचं सांगत नसतो. आताच्या मशीनवर रिकव्हरी स्पीडही बघावा लागतो, म्हणजे एक सिग्नल संपवून पुढच्यासाठी मशीन किती लवकर तयार होतं ते. इक्विनॉक्स ८०० या मॉडेलवर तो १ ते ८ असतो, ६०० वर १ ते ३. आकडा खाली ठेवून हात जोरात चालवला की शेजारशेजारचे सिग्नल एकमेकांत कालवतात. वर ठेवला तर खिळ्यांच्या गर्दीत नाणं वेगळं निघतं, पण टोन आखूड होतो आणि खोली थोडी जाते. मोकळ्या रानात मी तो खाली ठेवतो आणि हात सावकाश. गोठ्याच्या पडक्या जागी खिळे फार, तिथे वर. हात मात्र तिथेही सावकाशच.

वेळेचा हिशेब सावकाशच्या विरोधात जातो, हे कबूल. दर पावलाला मागच्या पट्ट्यावर अर्धी कॉइल चढवत गेलं की एका सकाळी खळ्याचा चौथा भागही होत नाही. कडक उन्हात खांदा भरून येतो. ज्याच्याकडे महिन्यातून एकच रविवार आहे, त्याला हे जड वाटेल.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींना सारखीच लागू: रान आपलं असावं किंवा मालकाची परवानगी असावी, किल्ला वा संरक्षित जागेकडे मशीन न्यायचंच नाही. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

ज्या खळ्यावरून मी दोन हंगाम झपझप फिरलो होतो, तिथेच गेल्या वर्षी मृगाच्या पावसानंतर सावकाश पहिला पट्टा घेतला. तिवड्याच्या, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाच्या, जागेपासून तीन पावलांवर टोन आला. परत फिरवलं, पुन्हा आला. आडवं फिरवलं, तरी तिथेच. नऊ बोटं खाली, ओल्या मातीच्या गोळ्यात, भोकाचा पैसा होता, १९४३ ते ४७ च्या दरम्यान पाडलेल्यांपैकी. भोकात माती घट्ट बसली होती, ती बाभळीच्या काट्याने तिथेच उकरली.